विनिपेगमधलं घर: एप्रिलमध्ये तळघरात पाणी, ऑगस्टमध्ये भिंतीलगत भेग, दरवर्षी तेच

आधी लक्षणं सांगते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागतं आणि तळघरात भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यातून पाणी झिरपतं. जूनमध्ये मागच्या कुंपणाच्या फाटकाची खिट्टी लागत नाही. जुलै संपता संपता वरच्या बेडरूमचं दार चौकटीला घासतं आणि चौकटीच्या कोपऱ्यातून एक तिरकी चीर निघते. ऑगस्टमध्ये घराच्या दक्षिणेकडची माती भिंत सोडून मागे सरते. नुसती रेघ नव्हे, माझा हात बांगड्यांसकट कोपरापर्यंत आत जातो. मग सप्टेंबरात एखादा दणकून पाऊस होतो, ते पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि तळघर पुन्हा ओलं. ऑक्टोबरात दार आपोआप लागायला लागतं, चीर मिटते. आपण म्हणतो, सुटलो. पुढच्या एप्रिलला परत पहिल्यापासून.

यातलं दोन-तीन ओळींचं जरी तुमच्याकडे जुळत असेल तर तुमचं घर बहुतेक माझ्यासारखंच जुन्या तळ्याच्या तळावर उभं आहे. रिजायना, फार्गो, ग्रँड फोर्क्स इथल्या मंडळींनाही हे लागू आहे.

मी आधी काय चुकीचं केलं

चार वर्षं मी या दोन वेगळ्या तक्रारी धरून चालले होते: वसंतातली पाण्याची आणि उन्हाळ्यातली भेगांची. पाण्यासाठी एका माणसाला बोलावलं, त्याने आतून चीर बुजवून दिली. पुढच्या वर्षी तिच्याशेजारी हातभरावर दुसरी आली. भेगांसाठी दुसऱ्याला बोलावलं, त्याने वरून प्लास्टर करून रंग मारला. पाणी बघणारा म्हणाला, घराजवळची जमीन कोरडी ठेवा. म्हणून मी दक्षिणेकडच्या फुलझाडांना पाणी घालणंच बंद केलं. त्या वर्षी भेग आणखी रुंद झाली.

सगळ्यात मोठा शहाणपणा म्हणजे वाळू. ऑगस्टमध्ये ती उघडी फट बघवेना, म्हणून वाळूच्या आठ गोण्या आणल्या आणि भिंतीलगत ओतल्या. गोण्या संपल्या, फट पुरती भरली, वरून पायाने दाबली, फोटोही काढला. पुढच्या मे महिन्यात तळघराच्या त्याच भिंतीला आडवी चीर आली, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर.

माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं. धाकटा भाऊ तिथे शेती करतो. व्हिडिओ कॉलवर त्याला ती भेग दाखवली तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "ताई, हे तर आपलंच वावर आहे की! पण वाळू कशाला ओतलीस? आता पाणी लागल्यावर माती फुगंल ती जाईल कुठं?"

अभियंत्याला पैसे देऊन पुढे जे ऐकलं ते याच प्रश्नाचं उत्तर होतं.

ही माती अशी का वागते

शेवटच्या हिमयुगाचा बर्फ उत्तरेकडे मागे हटत गेला तेव्हा त्याचं वितळलेलं पाणी बर्फाची भिंत आणि दक्षिणेकडची उंच जमीन यांच्यामध्ये अडलं. त्याचं झालं ॲगासिझ सरोवर. अमेरिकी भूशास्त्रज्ञ वॉरन अपहॅमने १८७९ मध्ये लुई ॲगासिझ या हिमनद्यांच्या अभ्यासकावरून ते नाव दिलं. हे तळं काही हजार वर्षं टिकलं, पसरलं, आक्रसलं, आणि सुमारे ८,००० वर्षांपूर्वी हडसन उपसागराकडे रितं झालं. आजचं लेक विनिपेग हे त्याचं उरलेलं डबकं म्हणायचं, एवढा त्याचा आकार होता.

आता तळ्यात गाळ कसा बसतो ते पाहा. खडे-वाळू काठाशीच पडतात. मध्यभागी, खोल आणि शांत पाण्यात, जाते ती फक्त बारीकातली बारीक चिकण. आपण राहतो तो हा मधला भाग. शहराखाली ढोबळमानाने दहा मीटर चिकणमाती, तिच्याखाली हिमनदीने सोडलेला खडेमिश्रित थर आणि मग चुनखडीचा खडक. या मातीत चिकण अंश शेकडा ६०च्या वर सहज भरतो. आणि ही चिकण साधी नव्हे. पश्चिमेकडच्या जुन्या समुद्री शेल खडकांमधून (समुद्रतळाचा चिखल दाबून झालेले थरांचे खडक) झिजून आलेल्या या गाळात स्मेक्टाइट गटाची खनिजं भरपूर आहेत. वहीच्या पानांसारखी त्यांची रचना असते. पानांच्या मधे पाणी शिरलं की वही फुगते, निघून गेलं की मिटते.

आपली मराठवाड्यातली काळी माती बेसाल्टपासून जागच्या जागी तयार झाली, ही माती तळ्याच्या गाळातून. घराणी वेगळी, पण फुगणारं खनिज त्याच गटातलं, म्हणून स्वभाव सारखा. काळा रंग मात्र इथे कमावलेला आहे. तळं आटल्यावर पुढे त्या सपाटीवर पुरुषभर उंचीचं गवत वाढलं आणि त्याच्या खोल मुळ्या हजारो वर्षं मातीत कुजत राहिल्या. इथले लोक या मातीला गंबो म्हणतात. बुटाला लागली की बूट दुप्पट जड होतो, आणि वाळली की फावड्याचं पातं वाजतं.

शेतात हे चक्र असं चालतं. भेग पडते, वरची भुसभुशीत माती तिच्यात गळते. पुढे ओल आली की खालची माती फुगते, पण भेगेची जागा तर भरलेली, म्हणून ती बाजूला आणि वर रेटते. अशी माती स्वतःलाच हळूहळू पालथी घालत असते. म्हणूनच लॅटिनमधल्या उलटण्याच्या अर्थाच्या शब्दावरून अशा मातीला व्हर्टिसॉल म्हणतात. कॅनडाच्या माती वर्गीकरणात १९९८ मध्ये तिच्यासाठी वेगळा गणच केला गेला. खोल खणलं तर मातीचे तिरपे, चकचकीत पृष्ठभाग दिसतात. वरवंटा फिरून फिरून पाट्याला येते तशी झिलई, मातीवर माती घासून आलेली.

मी वाळू ओतली तेव्हा हेच सगळं यंत्र नेऊन भिंतीला जोडलं. फट भरून गेल्यामुळे वसंतात फुगलेल्या मातीला परत यायला जागा उरली नाही, तिने भिंत आत रेटली. शिवाय वाळू म्हणजे पाण्याला मोकळी वाट. चिकणीच्या भांड्यात मी चक्क एक विहीर बांधली होती.

फुगणं-आकसणं हा एक दुर्गुण. ओली असताना भार न पेलणं हा दुसरा. त्याचं पुस्तकी उदाहरण इथलंच आहे. १८ ऑक्टोबर १९१३ला विनिपेगजवळच्या ट्रान्सकोनातलं नवंकोरं धान्याचं कोठार पहिल्यांदा भरत असताना खचायला लागलं आणि दिवसभरात एका बाजूला सुमारे २७ अंश कललं. काँक्रीट जवळजवळ अभंग राहिलं, खालची चिकण सरकली. पुढे खाली खडकापर्यंत आधार देऊन ते सरळ केलं आणि पुन्हा वापरात आणलं. जगभर स्थापत्यच्या वर्गांत हे शिकवतात. आपलं घर एवढं जड नसतं, तेव्हा घाबरून जाऊ नका.

तुमच्याकडे हेच आहे का, ते आधी तपासा

मित्राच्या सल्ल्यावर जाऊ नका, तो कुठे राहतो ते आधी विचारा. शहराच्या ईशान्येला बर्ड्स हिलकडे जमीन वाळू-खड्यांची आहे. तिथल्या माणसाला भेगा ठाऊकच नसतात आणि तो तुम्हाला मनापासून चुकीचा सल्ला देतो. मला दिला.

वरची लॉनची माती बाजूला सारून फूट-दीड फूट खोलीवरची मूठभर माती घ्या. ओली करून मळा आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीतून पट्टी काढत राहा. पाच सेंटिमीटरच्या पुढेही पट्टी तुटली नाही तर चिकण नक्की. माझी पट्टी बोटाएवढी लोंबत होती. मग वडीच्या ट्रेमध्ये त्याच मातीची दहा सेंटिमीटरची पट्टी थापली आणि आठवडाभर खिडकीत वाळू दिली. साडेआठ सेंटिमीटर भरली! घराला लागून असलेली जमीन असं करत असेल तर भिंत सोडणार नाही तर काय?

दुसरी तपासणी भिंतीची. चिरेच्या दोन्ही कडांना समोरासमोर एकेक पेन्सिलखूण करा, अंतर मोजून शेजारीच तारखेसह लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला मोजा. चीर ऑगस्टमध्ये उघडत आणि ऑक्टोबरात मिटत असेल तर ती ओलीची चीर आहे. एकाच दिशेने वाढतच असेल, कधी मिटत नसेल, तर हा लेख इथे थांबवा आणि स्थापत्य अभियंत्याला बोलवा. तळघराच्या भिंतीला आडवी चीर किंवा आतल्या बाजूला फुगवटा असेल तरीही तेच, मोजत बसू नका.

दाराचं निदान मात्र जपून करा. उन्हाळ्यात हवेतल्या दमटपणाने लाकूडही फुगतं. दार पूर्ण कडेने घासत असेल तर लाकूड. वरच्या एकाच कोपऱ्याला घासत असेल आणि विरुद्ध कोपऱ्यात पाचरीसारखी फट दिसत असेल तर चौकट कलली आहे. घरातल्या जमिनीवर गोटी ठेवून पाहा. आमच्या हॉलच्या मध्यावर ठेवलेली गोटी ऑगस्टमध्ये दक्षिणेच्या भिंतीकडे घरंगळते. बाहेरची भिंत वाळलेल्या मातीबरोबर खाली गेली आणि मधला खांब जागच्या जागी राहिला, असा त्याचा अर्थ.

कशाने फरक पडला

मूळ सूत्र एकच: भिंतीजवळची माती ना सुकू द्यायची, ना भिजू द्यायची, बारा महिने एकसारखी ओलसर ठेवायची. पाणी आणि भेग ही एकाच झोक्याची दोन टोकं आहेत, आणि मी आलटून पालटून एकेका टोकाला धक्का देत होते.

वाळू सगळी उपसून काढली. दोन शनिवार गेले, आणि गोण्या ओततानाचा तो फोटो नवऱ्याने अजून ठेवला आहे. ती जागा उपसून आम्ही तिथलीच चिकण, गोट्याएवढी फोडून, थराथराने परत बसवली आणि वरून भिंतीपासून दूर उतार दिला: पहिल्या तीन मीटरमध्ये निदान पंधरा सेंटिमीटर. उतारासाठीही चिकणच वापरायची, सुपीक काळी भर किंवा वाळू नव्हे. वरचं पाणी वाहून जायचं तर पृष्ठभाग पाणी न पिणाराच हवा. इथे या मातीचा अवगुण कामी येतो. उतार दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावा लागतो, कारण भिंतीजवळची भर बसते.

पन्हळीच्या पाइपला दोन मीटरचा जोड लावला. हे सगळ्यात स्वस्त काम होतं आणि माझ्या मते निम्मा फरक यानेच पडला. आमच्याकडे गवत कापताना तो जोड वर दुमडून ठेवायचे आणि मग विसरायचे. तुमचाही आत्ता जाऊन बघा.

पाऊस नसलेल्या आठवड्यांत दक्षिण आणि पश्चिम बाजूला झिरपणारा पाइप टाकते, भिंतीपासून हात-दीड हात अंतरावर. आठवड्यातून दोनदा, अगदी मंद. फटीत पाणी सोडायचं नाही, कितीही मोह झाला तरी. फटीत सोडलेलं पाणी तळाशी जाऊन पायाखाली फुगतं आणि वरची भेग तशीच राहते. जमिनीच्या अंगाने हळूहळू ओल पसरली की फट आपोआप बुजते. भेग पडल्यावर पाणी देण्यात अर्थ कमी, जूनपासूनच सुरू करा. वरून लाकडी भुशाचं आच्छादन आहे. भाऊ म्हणतो तशी एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, त्यामुळे आच्छादनाच्या पलीकडच्या पट्ट्यात मी वरचे दोन इंच हलवून भेगांची तोंडं मोडत असते.

झाडांबद्दल. घरासमोर जुना एल्म आहे आणि उन्हाळ्यात तो घराखालचं पाणी ओढतो यात शंका नाही. म्हणून तो तोडायचा का? थांबा. मोठं झाड एकदम गेलं की त्याने वर्षानुवर्षं कोरडी ठेवलेली माती पुन्हा पाणी पिते आणि घर उलट्या दिशेने उचललं जातं. आम्ही झाड ठेवलं आणि त्याच्या बाजूला पाणी वाढवलं. छाटणी करायची असेल तर मॅनिटोबात, म्हणजे आपल्या प्रांतात, १ एप्रिल ते ३१ जुलै एल्म छाटायला बंदी आहे, एल्मचा रोग पसरवणारे भुंगेरे त्या काळात फिरत असतात. नवीन झाड लावताना ते पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होणार तेवढं घरापासून लांब लावा.

एप्रिलच्या पाण्याचं मूळ मागच्या शरदात असतं. भेगा उघड्या राहून जमीन गोठली की वितळलेलं बर्फ त्या वाटांनी थेट खोल जातं. त्यात रेड नदीची ही सगळी दरी तळ्याचा तळ असल्याने किलोमीटरभरात वीतभरसुद्धा उतार नाही, आणि रेड नदी उत्तरेला वाहते: वरच्या अंगाला, म्हणजे दक्षिणेत, बर्फ आधी वितळतं आणि पाणी येतं ते अजून गोठलेल्या मुलखात. पाण्याला जायला घाई नसते. म्हणून ऑक्टोबरात भेगा मिटल्या आहेत ना ते बघून घ्या, आणि मार्च संपायच्या आत भिंतीलगतचं बर्फ फावड्याने लांब ढकला. तळघरातल्या खड्ड्यातला सम्प पंप एक बादली पाणी ओतून चालवून पाहा. पंप चालतो पण बाहेरच्या नळीत बर्फ अडकलेलं असतं, हे मी एका पहाटे पायमोजे भिजवून शिकले.

तळघराच्या भिंतीवर पांढरी पावडर येते तो लोणा आहे. या मातीत सल्फेटचे क्षार असतात आणि ते साध्या सिमेंटला खातात. सस्कॅचेवान विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ थोर्वाल्डसन यांनी सल्फेटला दाद न देणाऱ्या सिमेंटवर मूलभूत काम केलं ते याच मुलखाच्या गरजेतून. नुसता लोणा असेल तर ब्रशने झाडून काढा आणि पाणी कुठून येतंय ते शोधा. खाली काँक्रीट भुसभुशीत लागत असेल तर दाखवून घ्या.

एक काम स्वतः करू नका. तळघरात स्क्रूवर उंची कमी-जास्त करता येणारे लोखंडी खांब असतात, त्यांना इथे टेलिपोस्ट म्हणतात. घरातली जमीन मधेच उंच वाटते म्हणून पाना घेऊन ते फिरवायचा मोह होतो. ऑगस्टमध्ये फिरवून सरळ केलेली जमीन एप्रिलमध्ये दुसरीकडे वाकते. आधी वर्षभर मोजा, मग माणूस बोलावून थोडं थोडं करून घ्या.

बागेपुरतं

बागेच्या तक्रारी याच मातीच्या आहेत, त्या पटकन उरकते. मे महिन्यात ऊन पडलं की लगेच खणायला जाऊ नका, वाफसा येऊ द्या. माती मुठीत दाबा, बोटाने टोचल्यावर फुटली तर वाफसा, नुसता खड्डा पडला तर घरी जा. ओलीत एकदा तुडवली की वर्षभर ढेकळं फोडत बसाल. आपल्याकडे उन्हाळी नांगरट करून ढेकळं उन्हात तापवतात, इथे ते काम थंडीवर सोपवायचं: ऑक्टोबरात ओबडधोबड खणून ठेवा, गोठणं-वितळणं त्यांचा रवा करतं.

माती हलकी करायला वाळू मिसळू नका, वीट तयार होते. कुजलेला पाला आणि कंपोस्ट दरवर्षी घाला, दुसरा उपाय नाही. जिप्सम घाला असं दुकानात सांगतात. ते चोपण जमिनीला, जिथे सोडियम जास्त आहे तिथे. आपल्या अंगणात कॅल्शियम आधीच भरपूर आहे. खालच्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका, फसफसेल. याच चुन्यामुळे जूनमध्ये कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, झाडाला मिळत नाही, आणि माती चिबड, म्हणजे पाणी साचून राहिलेली, असेल तर आणखी मिळत नाही. अशा वेळी पाणी वाढवू नका, कमी करा. शेजारच्या सोयाबीनच्या शेतांतही ओल्या जूनमध्ये हेच पिवळे पट्टे दिसतात.

सध्याची स्थिती

हे सगळं करून तीन उन्हाळे झाले. एप्रिलचं पाणी दोन वर्षं आलेलं नाही, तिसऱ्या वर्षी सांधा फक्त ओलसर झाला. दक्षिणेकडची फट यंदा ऑगस्टमध्ये करंगळीएवढी होती. दाराच्या चिरेच्या खुणांमधलं अंतर पहिल्या वर्षी सात मिलिमीटरपर्यंत जायचं, या वर्षी तीनच्या पुढे गेलं नाही.

कुंपणाचं फाटक मात्र जसंच्या तसं आहे. हिवाळ्यात जमीन दोन मीटरच्या आसपास गोठते, खांब चार फूट गाडलेले आहेत, त्यामुळे दरवर्षी ते थोडे उचलले जाणारच. खिट्टीच्या वर आणि खाली आणखी एकेक भोक पाडून घेतलं आहे. जूनमध्ये वरचं वापरतो, ऑक्टोबरात खालचं.